पॅनल बंद, इमारत चालू : जुलै २०२४ च्या प्रकल्प नोंदी

इमारत ठाण्यातली. पोडियमखाली पार्किंगची दोन तळघरं, वर बावीस मजले, मजल्याला चार घरं, दोन जिने, तीन लिफ्ट. ८व्या आणि १५व्या मजल्यावर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा. नोंदी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी ठेवतोय, म्हणजे समितीला, अलार्म सांभाळणाऱ्या एजन्सीला आणि पुढे हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याला काय केलं ते सापडेल.

१ जुलै, सोमवार

पहाटे फायर अलार्मचं पॅनल, म्हणजे डिटेक्टरचं ऐकून भोंगे वाजवणारा मुख्य डबा, गेलं. आधी 'फॉल्ट'ची पीपी सुरू झाली, वॉचमनने सवयीने सायलेन्सचं बटण दाबलं, थोड्या वेळाने स्क्रीनच काळी. टेक्निशियन दुपारी आला. पोडियमच्या स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी कंड्युटमधून, म्हणजे केबलच्या नळीतून, सरळ पॅनलमध्ये उतरलंय. मेन बोर्ड आणि दोन्ही लूप कार्डांवर (लूप म्हणजे पॅनलपासून निघून सगळ्या डिटेक्टरना जोडत परत पॅनललाच येणारी केबल) हिरवट बुरशीसारखा गंज. बॅटऱ्या तेवढ्या ठणठणीत.

वाईट बातमी पुढची. हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय, कार्डं मिळत नाहीत. आणि आपली सिस्टिम ॲड्रेसेबल, म्हणजे धूर ओळखणाऱ्या प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर आणि त्याची बोली फक्त त्याच कंपनीच्या पॅनलला कळते. दुसरं पॅनल लावायचं तर डिटेक्टर, ब्रेक ग्लास (काच दाबून अलार्म वाजवायची लाल डबी), मोड्यूल, सगळं नवं. केबल चांगली निघाली तर तीच चालेल. महिनाभराचं काम.

टेक्निशियनबरोबर बसून पहिली यादी केली : पॅनल नसल्याने नेमकं काय काय बंद पडलं. लोकांना वाटतं भोंगा वाजत नाही, एवढंच. प्रत्यक्षात धूर लागताच लिफ्ट तळमजल्यावर आणून दारं उघडी ठेवणं, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा भरणारे पंखे सुरू करणं, जिन्याच्या आणि गच्चीच्या दारांची चुंबकी कुलुपं सोडणं, तळघरातले एक्झॉस्ट पंखे वाढवणं, ही सगळी कामं पॅनल गुपचूप करायचं. स्प्रिंकलर फुटला तर कुठल्या मजल्यावर पाणी वाहतंय हे फ्लो स्विच पॅनललाच सांगायचा. आता त्याला ऐकणारं कोणी नाही.

चालू काय आहे : हायड्रंट आणि स्प्रिंकलरच्या पाइपांत पाणी दाबाखाली आहे, जॉकी (पाइपांतला दाब टिकवणारा छोटा पंप), मेन आणि डिझेल पंप तिघेही ऑटोवर आहेत. ही मोठी गोष्ट. आग लागली तर स्प्रिंकलर पॅनलची वाट बघत नाही, काचेची कुपी उष्णतेने फुटते आणि पाणी येतं. म्हणून पहिला नियम आजच लिहून पंपरूमच्या दारावर लावला : पॅनल दुरुस्त होईपर्यंत पंपाला, व्हॉल्व्हला कुणीही हात लावायचा नाही. टाकी धुण्याचं काम पुढे ढकललं.

चुंबकी कुलुपांची सप्लाय काढली. दारं आता नुसती ढकलून उघडतात. चोरीची भीती दोघांनी बोलून दाखवली. गच्चीच्या दाराशी कॅमेरा आहे, तेवढं पुरे.

२ जुलै, मंगळवार

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक. एका सदस्यांचं म्हणणं असं की गाजावाजा नको, फ्लॅट विकायला काढलेले दोघं आहेत, आणि "महिनाभर नसला अलार्म तर काय होतंय? आधी वाजायचा तेव्हा तरी कोण खाली यायचं?" दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, म्हणून ते जास्त झोंबलं.

मी कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाची आठवण काढली. ९ डिसेंबर २०११, पहाट, तळघरात साठवलेल्या सामानाला आग. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक रुग्ण, बहुतेक धुराने गुदमरून. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना धूर आधी दिसला, ते धावत आले आणि सुरक्षारक्षकांनी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. अग्निशमन दलाला कळवायलाही उशीर झाला. यानंतर चर्चा लवकर संपली.

ठरलं ते असं. अग्निशमन केंद्राला पत्र : कुठली यंत्रणा बंद, कधीपासून, तोवर काय व्यवस्था, रात्री-अपरात्री फोन कुणाला. विमा कंपनीला तशीच ईमेल, कारण जोखीम बदललीय आणि ती आपण लपवली असं नंतर निघायला नको. नवीन यंत्रणेचा खर्च मोठा, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा १४ तारखेला, नोटीस उद्याच. आज रात्रीपासून गस्त.

अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या संहितेत यासाठी सोपा हिशोब आहे : २४ तासांत अलार्म ४ तासांहून जास्त बंद राहणार असेल तर संबंधित सरकारी अधिकाऱ्यांना कळवा, आणि एक तर इमारत रिकामी करा नाही तर गस्त ठेवा. आपल्याला तो कायदा लागू नाही. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकलीय. म्हणजे आपणच. एजन्सीवर ढकलून मोकळं होता येत नाही.

३ जुलै, बुधवार

१४व्या मजल्यावर इंटिरिअरचं काम चालू आहे. ग्रिलचं वेल्डिंग, पॉलिश, थिनरचे डबे. थांबवायला सांगितलं. घरमालक भडकले, ताबा ऑगस्टमध्ये घ्यायचाय म्हणे. तडजोड : सुतारकाम, रंग चालेल, वेल्डिंग, कटर, ब्लो टॉर्च बंद, थिनर रोज लागेल तेवढाच वर न्यायचा आणि संध्याकाळी खाली आणायचा. ठेकेदाराची सही घेतली.

गस्तीचं रजिस्टर सकाळी बघितलं. रात्री अकरा ते सहा दर तासाची सही, सगळ्या एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने, एका ओळीत. असलं रजिस्टर मी नोकरीत हजारदा पाहिलंय. वॉचमनला बोललो नाही. बावीस मजले दर तासाला उतरायचे, तेही गेट सांभाळून, हे कागदावर लिहिणाऱ्यालाच सोपं वाटतं.

आजपासून गस्तीला वेगळा माणूस, गेटचं काम त्याच्याकडे नाही. लिफ्टने वर जायचं, लिफ्ट मशिनरूम बघायची, मग एका जिन्याने खाली, पुढच्या फेरीला दुसऱ्या जिन्याने. प्रत्येक मजल्यावर इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडायचं आणि वास घ्यायचा. मग मीटररूम, जनरेटर, दोन्ही तळघरं, ईव्ही चार्जिंगची जागा, कचऱ्याची खोली. सहीऐवजी ठरलेल्या सहा ठिकाणांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. फोटोला वेळ आपोआप लागते, शाई लागत नाही.

कुणीतरी कोविडच्या वेळचं कपाळावर धरायचं थर्मामीटर आणून दिलं, डक्टमधल्या केबल तपासायला. ते ४३ अंशांच्या आसपासच हात टेकतं. गरम जॉइंट त्याहून कितीतरी वर असतो. इलेक्ट्रिशियनकडचं औद्योगिक इन्फ्रारेड मीटर मागवलं.

४ जुलै, गुरुवार

आजची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

रात्रपाळीच्या गस्तवाल्या मामांना कागद-बिगद बाजूला ठेवून नुसतं विचारलं. मूळचे परभणीचे, बारा-पंधरा वर्षं हेच काम.

"मामा, रात्री अडीचला अकराव्या मजल्यावर धूर दिसला. काय कराल?"

"सुपरवायझरसाहेबांना फोन लावतो."

"त्यांनी नाही उचलला तर?"

"मग तुम्हाला."

"मी झोपलोय. फोन सायलेंटवर."

"मग चेअरमनसाहेबांना..." थोडं थांबून, "साहेब, खरं सांगू का? मागं एकदा भोंगा वाजवला होता. काहीच निघालं नाही. नवव्या मजल्यावरच्या साहेबांनी खाली येऊन लई बोलले. एजन्सीनं दोन दिवसांचा पगार कापला."

बिघाड इथे आहे. पॅनलला कुणाची परवानगी लागत नाही. डिटेक्टरला धूर लागला की ते मध्यरात्री अख्ख्या इमारतीला उठवतं, कोण काय म्हणेल याची त्याला पर्वा नाही. त्याच्या जागी आपण असा माणूस उभा केला ज्याची नोकरी एका फ्लॅटवाल्याच्या तक्रारीवर जाऊ शकते, आणि त्याच्याकडून अपेक्षा मात्र पॅनलइतक्या निर्भयपणाची. फेऱ्या किती मारतो हा प्रश्न नंतरचा. त्याला वाजवायची मुभा आहे का, हा आधीचा.

समितीच्या सहीने लेखी आदेश काढला, मराठीत आणि हिंदीत, गेटवर आणि प्रत्येक लिफ्टमध्ये : धूर, ज्वाळा किंवा जळका वास आला आणि कारण लगेच दिसलं नाही तर गस्तवाल्याने कुणालाही न विचारता आधी इशारा द्यायचा, मग १०१ ला फोन, मग आम्हाला. इशारा चुकीचा निघाला तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही, पगार कापला जाणार नाही. तक्रार असेल तर ती सेक्रेटरीकडे लेखी. सुरक्षा एजन्सीच्या मॅनेजरकडून त्यावर सही घेतली, आणि मामांचे ते दोन दिवसांचे पैसे सोसायटीतून देऊन टाकले.

६ जुलै, शनिवार

इशारा कशाने द्यायचा? हाताने फिरवायचा सायरन आणला. तळमजल्यावर फिरवला तर अंगणातली कबुतरं उडाली, पण सहाव्या मजल्यावर बंद बेडरूममध्ये एसी चालू असताना काहीच नाही. झोपलेल्या माणसाला जागं करायचं तर उशाशी ७५ डेसिबल हवेत असा संकेत आहे. मोबाइलवरच्या ॲपने मोजलं, अचूक नसेल, पण सायरनचा आवाज त्याच्या आसपासही पोचत नव्हता. मजल्याच्या लॉबीत उभं राहून फिरवला तेव्हा त्या मजल्यापुरता आणि वरच्या-खालच्या एकेका मजल्यापुरता ठीक.

इंटरकॉमवर एका वेळी एकच घर. व्हॉट्सॲप ग्रुपचा रात्री काही भरवसा नाही. लोक गुड मॉर्निंगला कंटाळून ग्रुप म्यूट करतात.

टेक्निशियनने तोडगा सुचवला तो पटला. तात्पुरतं साधं कन्व्हेन्शनल पॅनल, त्यावर फक्त ब्रेक ग्लास आणि भोंगे. भोंग्यांची केबल वेगळीच आहे, ती धड आहे. लूप मध्ये तोडून त्याच्या दोन फांद्या करायच्या, ॲड्रेसेबल ब्रेक ग्लास काढून त्या जागी साधे, शेवटच्याला रेझिस्टर, म्हणजे केबल शाबूत आहे हे पॅनलला कळतं. धूर ओळखणार नाही, पण माणसाने काच दाबली की सगळीकडे वाजेल. नाक माणसाचं, घसा यंत्राचा. मीटररूम, जनरेटररूम आणि कचऱ्याच्या खोलीत बॅटरीवर चालणारे सुटे स्मोक अलार्म लावले. ते तिथल्या तिथे ओरडतात, पण गस्तवाल्याला ऐकू जातात.

८ जुलै, सोमवार

रात्रभर धो धो. मध्य रेल्वे कोलमडली, सुरक्षा एजन्सीची माणसं आली नाहीत, दिवसपाळीचा गस्तवाला डोंबिवलीत अडकला. दुसऱ्या तळघरात पाणी, मोटर लावून काढलं. पंपरूमचा उंबरा उंच आहे म्हणून वाचलो. गस्त रहिवाशांनी वाटून घेतली. कॉलेजची मुलं उत्साहात. त्यांनी पहिल्याच फेरीत शोधलं की १८व्या मजल्यावरच्या जिन्यात कुणीतरी जुनी गादी आणि रद्दीचे गठ्ठे ठेवलेत. आठवडाभर आमचे वॉचमन तिथून रोज जात होते, पण त्या घरच्या मॅडमना कोण सांगणार? मुलांनी बेल वाजवून सांगितलं. सामान तासाभरात गेलं.

१० जुलै, बुधवार

तात्पुरतं पॅनल सुरू. प्रत्येक ब्रेक ग्लास किल्लीने तपासला. २१व्या मजल्यावरचा भोंगा घोगरा, बदलला.

आजचं दुसरं काम छोटं पण माझ्या आवडीचं. मेन पंपाच्या स्टार्टरमधला मोकळा कॉन्टॅक्ट वापरून इलेक्ट्रिशियनने दोन वायरी गेटपर्यंत ओढल्या आणि तिथे घंटा लावली. स्प्रिंकलर फुटला किंवा कुणी हायड्रंट उघडला की दाब पडतो, मेन पंप उठतो, आणि गेटवर घंटा. जॉकीला जोडली नाही, तो लहानसहान गळतीनेही दिवसातून अनेकदा उठतो. मग घंटेकडे कोणी बघणार नाही.

लिफ्ट तळमजल्यावर आणणारा फायरमन स्विच आता हाताने टाकायचा. सगळ्या वॉचमननी प्रत्येकी एकदा टाकून बघितला. जिन्यातल्या पंख्यांचे सिलेक्टर ऑटोवरून मॅन्युअलवर घेतले आणि सुरू करायचं बटण गेटवर आणलं. बदललेल्या प्रत्येक गोष्टीला लाल पट्टी बांधली आणि यादीत एक ओळ लिहिली : काय, कुठे, पूर्वी कसं होतं. या यादीची एक प्रत माझ्या घरी.

जिना उतरू न शकणाऱ्यांची यादीही झाली. घराघरात विचारूनच होते ती, अंदाजाने नाही. ५व्या मजल्यावर आजी ऑक्सिजनवर असतात, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

१४ जुलै, रविवार

सभा झाली. खर्च मंजूर. दोन तास त्यातला दीड तास पार्किंगवर.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. रात्री पावणेबाराला अख्ख्या इमारतीत भोंगे.

मामा १२व्या मजल्यावर होते. जळका वास, एका दाराच्या फटीतून पातळ धूर. बेल वाजवली, दार ठोकलं, आतून काही नाही. काच दाबली. मग १०१. आत काका एकटे होते. उपवासाची भगर गॅसवर ठेवून टीव्हीसमोर डोळा लागला. भोंग्याने जाग आली, त्यांनीच गॅस बंद केला, दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात काही दिसत नव्हतं इतका धूर. पातेलं गेलं, बाकी सगळं शाबूत. बंब आला, जवानांनी बघितलं, खिडक्या उघडायला सांगितलं आणि कुरकुर न करता परत गेले.

लोक खाली आले, ही जमेची बाजू. सगळे नाही, पण निम्म्याहून बरेच जास्त. पाचव्या मजल्यावरच्या आजींकडे ठरलेले दोन शेजारी वेळेत पोचले. एक जण लिफ्टजवळ उभे राहून ती बंद का म्हणून वॉचमनशी वाद घालत होते.

आणि मग अपेक्षेप्रमाणे : "भगर करपली म्हणून बावीस मजले उठवायचे?" नवव्या मजल्यावरचे तेच. मी त्यांना म्हटलं, दादा, लेखी द्या. दिलं नाही. दुसऱ्या दिवशी समितीने मामांना सगळ्यांसमोर पाचशे रुपये आणि शाबासकी दिली. बक्षिसासाठी माणूस उद्या उगाच भोंगा वाजवेल, असं एकांचं मत. वाजवू दे. आणखी दोनदा वाजला तरी लोकांचा जिना पाठ होईल.

२० जुलै, शनिवार

जुलै म्हणजे फॉर्म बीचा महिना. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. आमच्या नेहमीच्या एजन्सीतल्या एकाने फोनवर सुचवलं, "साहेब, काम तर चालूच आहे, फॉर्म काढून ठेवतो, कोण बघायला येतंय." नको म्हटलं. बंद पॅनलच्या खाली 'सुस्थितीत' अशी सही आणि त्याच महिन्यात आम्हीच केंद्राला दिलेलं 'यंत्रणा बंद' हे पत्र, दोन्ही एकाच फायलीत? काम जुलै संपण्याआधी उरकायचं, मगच फॉर्म.

२५ जुलै, गुरुवार

नवं पॅनल मंगळवारपासून भिंतीवर, यावेळी वर पत्र्याची झड आणि कंड्युट खालून घेतलेलं. डिटेक्टर वरून खाली बदलत येतायत. अट एकच ठेवली : तात्पुरतं पॅनल एका वेळी अर्ध्याच इमारतीचं सोडायचं आणि ज्या अर्ध्यात घसा नाही तिथे त्या दिवशी सायरन घेऊन माणूस उभा.

आज पुन्हा मुसळधार, आणि पॅनलवर अर्थ फॉल्ट, म्हणजे केबलमधून कुठेतरी जमिनीकडे गळती. येतो, जातो. पाऊस वाढला की येतो. टेक्निशियनने लूप टप्प्याटप्प्याने तोडत शोधला : १७व्या मजल्यावर डक्टमधला जंक्शन बॉक्स, झाकणाचा एक स्क्रू नाही, आत पाण्याचे थेंब. पाऊस नसता तर हा सापडला नसता आणि ऑक्टोबरपर्यंत सगळे खूश राहिले असते.

३० जुलै, मंगळवार

पूर्ण चाचणी. प्रत्येक डिटेक्टरला स्प्रेचा धूर, प्रत्येक वेळी पॅनलवर बरोबर मजला दिसतो का ते बघायचं. दोन ठिकाणी नावं उलटी पडली होती, पूर्व जिना पश्चिम म्हणून. आगीच्या वेळी जवान चुकीच्या जिन्याने वर गेले असते. दुरुस्त केली.

मग धूर दिल्यावर काय काय व्हायला हवं त्याची तपासणी. लिफ्ट तिन्ही खाली आल्या. कुलुपं सुटली. तळघरातले पंखे वाढले. जिन्यातले पंखे उठलेच नाहीत. प्रोग्रॅम तपासायला बसणार, तेवढ्यात लाल पट्ट्यांची यादी काढली : सिलेक्टर अजून मॅन्युअलवर. यादी शेवटपासून सुरुवातीकडे वाचत गेलो, एकेक पट्टी सोडली. ऑटोवर घेतल्यावर पंखे उठले. वीज तोडून बॅटरीवरही सगळं पुन्हा एकदा.

मेन पंपाची घंटा मात्र गेटवर तशीच ठेवायची असं ठरलं. लेखी आदेशसुद्धा लिफ्टमधून काढायचा नाही. त्यात फक्त 'ब्रेक ग्लास दाबा' एवढी ओळ वाढवली.

३१ जुलै, बुधवार

फॉर्म बी मिळाला, आजच्या तारखेचा, आजच्या यंत्रणेचा. अग्निशमन केंद्राला आणि विमा कंपनीला यंत्रणा पूर्ववत झाल्याचं कळवलं. दर तासाची गस्त आज रात्री थांबते. रात्री दोन फेऱ्या कायम. १४व्या मजल्यावर वेल्डिंगला परवानगी, पण काम संपल्यावर तासभर माणूस थांबवून.

बाकी राहिलेलं : १३व्या मजल्याचा फ्लो स्विच अडखळतोय, सुटा भाग आल्यावर बदलायचा, तोवर पॅनलवर तो मजला डिसेबल दाखवतोय आणि त्याला लाल पट्टी आहे. पोडियमच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्यानंतर. जुन्या डिटेक्टरमधले काही आयोनायझेशन प्रकारचे निघाले, त्यात किरणोत्सर्गी भाग असतो, भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. एजन्सीने परत न्यावेत असं पत्र दिलंय, उत्तर यायचंय.